कुंकू लावलेली अँटिबॉडी

एका जंगलात वाघाचा पाय गेला आणि त्याला जबाबदार साळिंदर होता. आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. समितीनं तसं लेखी दिलंय, आणि समितीत सगळे वयानं मोठे होते. मोठे खोटं बोलत नाहीत. हो की नाही, बाळांनो?

तर त्या जंगलात एक प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख गवासर. वजन हजार किलो, त्यातलं बरंचसं अनुभवाचं. त्यांच्या हाताखाली साळिंदर सहा वर्षं पीएच.डी. करत होता, म्हणजे सरांचा चहा करून उरलेल्या वेळात.

वाघाच्या पंजाला जखम झाली होती. भरता भरेना. गवासरांनी पाल्याचा लेप दिला. "यानं जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात," ते म्हणाले.

फुटल्या की नाही, हे कळायला प्रयोगशाळेत एक इवलीशी बाटली होती. तिच्यात अँटिबॉडी. रक्तवाहिनीच्या पेशींच्या अंगावर एक खास प्रथिन असतं. ही अँटिबॉडी त्यालाच हुडकून चिकटते, दुसऱ्या कशाला शिवत नाही. चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकतं.

अट एकच. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची.

पण दर खंडेनवमीला गवासर ती बाहेर काढायचे. पाटावर मांडून हळद, कुंकू, झेंडूचं फूल. दिवसभर उन्हात. दसऱ्याला परत फ्रीजमध्ये. बारा वर्षं.

वाघाच्या जखमेचा कण तपासला. हिरवागार! साळिंदराचा प्रबंध बांधून तयार झाला. सरांची सही तेवढी बाकी.

"चमकतंय म्हणता, मग ठणकतंय कशाला?" वाघानं विचारलं.

"वाघोबा, चमक आधी येते. आराम मागाहून," गवासर म्हणाले.

वाघ लंगडत गेला. साळिंदराला ते बघवेना. त्यानं आपल्या पाठीचा एक काटा उपटला. काट्यात कसली रक्तवाहिनी? मोडला तरी थेंब येत नाही. त्याचा काप काढून त्यावर अँटिबॉडी टाकली.

काटाही हिरवागार.

साळिंदर धावत सरांकडे गेला. "सर, बाटली बिघडलीय. दिसेल त्याला चिकटतेय. दरवर्षी उन्हात ठेवतो ना आपण—"

"म्हणजे काट्यातही रक्तवाहिन्या असतात!" गवासर उठून उभे राहिले. "अरे, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

महिन्याभरात निबंध छापून आला. पहिलं नाव गवासरांचं, दुसरं घोरपडबाईंचं. घोरपडबाई समितीच्या अध्यक्ष. एकदा खुर्चीला चिकटल्या त्या चिकटल्याच. तळाशी बारीक अक्षरात, काटा पुरवल्याबद्दल साळिंदराचे आभार.

"सर, निदान नवी बाटली मागवू. वाघाचा पंजा काळा पडलाय."

"तुमच्या पिढीला धीर म्हणून नाही," सर म्हणाले. "सही हवीय ना? मग चहा ठेव."

साळिंदरानं चहा ठेवला. पण त्या खंडेनवमीला त्यानं बाटली फ्रीजमधून काढलीच नाही. वर फ्रीजच्या दाराशी सरांकडे पाठ करून उभा राहिला. काटे फुलवलेले. सरांना हात घालता येईना. पाट रिकामा राहिला.

आठ दिवसांनी वाघाचा पाय कापावा लागला.

समिती बसली. घोरपडबाईंनी चष्मा पुसला. "बारा वर्षं बाटली चमकत होती?"

"होती," गवासर म्हणाले.

"यंदा फूल वाहिलं?"

"यानं वाहू दिलं नाही."

"मग राहिलं काय विचारायचं? बाटली कोपली."

"बाई, पंजा त्याच्या आधीच काळा पडला होता! तारीख लिहिलीय माझ्या वहीत!" साळिंदर ओरडला.

"मोठ्यांसमोर काटे फुलवतोस?" बाई म्हणाल्या, आणि तेही कागदावर लिहून घेतलं.

कोपऱ्यात वाघ तीन पायांवर बसला होता. त्यानंही मान डोलावली. लेप अजून चालूच होता ना, सरांना दुखावून कसं चालेल?

पुढच्या खंडेनवमीला बाटलीला दोन फुलं वाहिली. एक यंदाचं, एक मागच्या वर्षी राहिलेलं.

तात्पर्य: बाटली नासली तर चालेल, पाट रिकामा राहता कामा नये. सरांनी सही केली नाही. साळिंदराला पदवी मिळाली नाही. सहा वर्षं वाया गेली.