घोड्याहून लहान

"वहिनी, एक दिवससुद्धा चुकवू नकोस हं. आधी रुंद दातांचा कंगवा, मग मऊ ब्रश. पोटाखाली अगदी हळू. आणि विंचरताना त्याच्याशी बोलत राहा, नाहीतर रुसतो तो."

नणंद दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली तेव्हा दारात चपला घालता घालता तिनं हे सांगितलं. तिचा लांब केसांचा पांढरा ससा माझ्या हातात होता. नाव बोळा. मी "होय" म्हटलं. देवापुढचं होय वेगळं आणि माणसापुढचं वेगळं, असं मला कधी जमलं नाही. घेतला वसा टाकायचा नाही, एवढंच येतं. तेव्हा रोज सकाळी जप झाला की चहाच्या आधीची दहा मिनिटं बोळ्याची. बोलायला मला सुचत नसे, म्हणून मी उरलेला जप त्याच्या कानाशी पुटपुटे. तो डोळे मिटून ऐके. घरातलं दुसरं कोणी इतकं ऐकत नाही.

सतरा दिवस बरे गेले. अठराव्या दिवशी इमारतीचं गटार तुंबलं.

गटारातून निघालेल्या केसांच्या गोळ्याची कार्यकारिणीने पाहणी केली. प्लंबर म्हणाला, "माणसांचेच केस आहेत साहेब, साबणात माखलेले." त्याच्या मताची नोंद झाली नाही, कारण तो सभासद नव्हता. संध्याकाळपर्यंत 'पाळीव लघुप्राणी केशनिगा उपसमिती' स्थापन होऊन फलकावर सूचनाही लागली: मान्य साधनाखेरीज कोणत्याही प्राण्यास विंचरू, घासू अथवा कातरू नये, सध्याची साधने तपासणीसाठी कार्यालयात जमा करावीत.

"अहो, कोण बघायला येतंय?" शेजारीण म्हणाली. "दार लावा आणि विंचरा खुशाल!"

पण नियम लिहिलेला होता आणि मला वाचता येत होतं. कंगवा, ब्रश आणि नखं कापायची चिमुकली कात्री रुमालात बांधून मी कार्यालयात दिली. इमारतीत नऊ प्राणी. साधनं जमा केली फक्त दोघींनी. प्रामाणिक माणसं शोधावी लागत नाहीत, म्हणून कारवाई त्यांच्यापासूनच सुरू करायला सोयीची पडते.

चिटणीसांनी तिन्ही वस्तू पाकिटात घालून वर लाख लावली. मग मान्य साधनांची यादी पुढे केली. यादीत एकच नाव होतं. खरारा. नमुना टेबलावरच होता: लोखंडी, दातेरी, माझ्या दोन तळव्यांएवढा.

"भाऊ, हा तर घोड्याचा."

"यादी घोड्यांच्या तबेल्याचीच आहे. आमचे साडू तिथे कारकून आहेत. तयार यादी मिळत असताना नवी कशाला करायची?"

"पण हा ससा आहे हो."

"व्याख्या वाचा, ताई. लघुप्राणी म्हणजे घोड्याहून लहान असा कोणताही प्राणी. ससा घोड्याहून लहान आहे की नाही?"

"आहे."

"मग बसला की नियमात!"

नियमात बसत होता. प्रश्न फक्त सशाचा होता.

कंगव्याला मान्यता मिळावी म्हणून मी तीन प्रतींत अर्ज केला. एक रकाना होता, 'साधनाचा नालेवर होणारा परिणाम'. मी लिहिलं, 'सशाला नाल नसते.' अर्ज परत आला. वर शेरा: 'नाल का बसवली नाही, याचा खुलासा करावा.'

आठ दिवसांत बोळ्याच्या पोटाखाली केसांच्या गाठी झाल्या. बोटांनी सोडवू का, असं मी चिटणीसांना विचारून आले. ते बराच वेळ यादी न्याहाळत राहिले. यादीत एकच ओळ होती, तरी खालून वर, वरून खाली. शेवटी म्हणाले, "बोटं नाहीत यात."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन मोठ्या गाठी कापल्या आणि माझ्यावर उखडल्या. "सशाची कातडी कागदासारखी असते, बाई. सगळं एकदम कापायला गेले तर फाटेल. राहिलेलं रोज थोडं थोडं विंचरून सोडवायचं. आणखी आठ दिवस असाच ठेवलात तर गाठींखाली जखमा होतील, मग माझ्याकडे आणू नका."

हे मी उपसमितीच्या कानावर घातलं. उपसमितीने सहानुभूतीपूर्वक प्रात्यक्षिक ठेवलं. अध्यक्ष वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बाह्या सरसावल्या, बोळ्याला टेबलावर बसवलं आणि खरारा त्याच्या पाठीवर ठेवला. ससा दिसेनासा झाला. बाहेर दोन कान राहिले, तेही थरथरत. मी झटकन त्याला ओढून पदराखाली घेतलं. अध्यक्षांनी खरारा उलटासुलटा करून पाहिला आणि चिटणीसांना मजकूर सांगितला:

"लिहा. साधन सुस्थितीत आढळले. प्राणी साधनास अनुरूप नाही. प्राणी बदलावा."

"आणि साहेब, अंगावर गाठी दिसतात," चिटणीस म्हणाले.

"हो का? मग पुढे लिहा. निगा राखण्यात हयगय. तीन दिवसांत प्राणी निवाऱ्यात जमा करावा."

निवाऱ्यात पन्नास कुत्री होती. मी घरी आले तरी बोळा पदरातून बाहेर येईना. नणंदेला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. सांगणार काय?

त्या दुपारी मी नियमावली पहिल्या पानापासून वाचायला बसले. पोथी वाचायची सवय असली की असलं काही जड जात नाही. उलट पोथीत इतके चमत्कार नसतात. सोळाव्या कलमाशी थांबले. 'उपसमितीच्या सदस्यांची साधने मान्य समजावीत, कारण मान्यता देणारेही तेच आहेत.' त्याखाली 'प्राणी पाळणारा सदस्य' अशी एक जागा होती. रिकामी. आम्हा दोघींखेरीज ज्यांच्या घरी प्राणी होते ते सगळे सध्या प्राणी नसल्याचं सांगत होते.

मी अध्यक्षांच्या दारात जाऊन उभी राहिले. ती जागा मी घेते, हे ऐकून ते हरखलेच.

"देवासारख्या आलात, ताई! इथे खुर्ची सगळ्यांना हवी, जिने चढायला कोणी नको. पण शब्द द्या. प्रत्येक घरी स्वतः जाल आणि नियमाला धरून तपासणी कराल. सवलत कुणालाही नाही."

"दिला शब्द," मी म्हटलं. डोळ्यांपुढे तेव्हा फक्त त्या गाठी होत्या.

निवाऱ्याचा हुकूम मागे घेतला गेला, लाख फुटली, कंगवा हातात आला. चहाची वेळ टळली तर टळू दिली, पण रोज दोनदा बसले. सहाव्या दिवशी शेवटची गाठ सुटली. खालची कातडी गुलाबी, शाबूत. नणंदेनं फोनवर विचारलं, "कसा आहे गं?" मी म्हटलं, "छान आहे." आणि ते खरं होतं.

मग नोंदवही उघडली. पहिलंच नाव तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीचं. एक गिनीपिग. बाळाचे केस विंचरायचा एक मऊ ब्रश, जमा. मान्य साधनाने तपासणी बाकी. वहीला जोडलेल्या तिच्या अर्जाच्या कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ताई, तुम्हाला तर कळतंच.'

कळत होतं. पण नोंदवहीत तसा रकाना नव्हता.

तुम्ही म्हणाल, अगं, आता तर तूच समितीत आहेस, मोड की नियम. मीही चिटणीसांबद्दल हेच म्हणायची, खुर्चीच्या अलीकडे होते तोवर. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या टेबलापलीकडे बसतच असाल. तिथल्या खणात कुणाकुणाचे कंगवे लाख लावून पडलेत, एकदा बघून ठेवा. तुम्हालाही तर कळतंच.

मी खरारा पिशवीत घातला, वही काखेत घेतली आणि जिना चढू लागले, पावलं न वाजवता. दुपारची वेळ, लोक आडवे झालेले असतात. उगाच कुणाला त्रास नको.