न गळणारी फळी

हिमांशुची फळी म्हशीने फोडली, असं उमराव कापगतेंनी ठरवलं तेव्हा म्हैस गोठ्यात रवंथ करत होती आणि फळी धानाच्या बांधीत चिखलात पडलेली होती.

फळी म्हणजे पॅडलबोर्ड. माणसाहून लांब, निळी-पांढरी, तिच्यावर उभं राहून वल्हं मारत पाण्यावर फिरायचं. गोव्यात पर्यटकांना हेच शिकवता शिकवता हिमांशुने एक जुनी फळी मिळवली आणि तो गावी परतला. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर लोकांना फिरवायचं, असा त्याचा बेत. रविवारी परवानगी देणारे साहेब स्वतः बघायला येणार होते. जमलं तर पोरगा गावात राहणार, नाहीतर पुण्याच्या कंपनीतली नोकरी होतीच. उमरावांनी चारचौघांत या फळीची भरपूर टिंगल केली होती. पण पोरगा समोर जेवायला बसू लागल्यापासून त्यांना दोन घास जास्त जात होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची त्या घरात पद्धतच नव्हती.

हिमांशु लाइफ जॅकेटं आणायला नागपूरला गेला होता आणि इकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन रंगात होता. गुडघाभर चिखलातून धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, जुड्या वाहून माणसं थकली होती, बांधीत बायका जुड्यांची वाट बघत रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. उमरावांचं डोकं चाललं. त्यांनी फळी आणली, तिच्यावर जुड्या रचल्या आणि दोरी लावून ओढली. फळी चिखलावरून अशी सरसर गेली की बायका बघतच राहिल्या. कौतुक डोक्यात गेलं. पुढच्या खेपेला बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून फळी उचलून न्यायची सोडून त्यांनी तशीच ओढली. धुऱ्यात गाडलेल्या खुंटाने तिला पुढच्या टोकाशी खालून पंजाएवढं भोक पाडलं.

"अवो, पोराले खरं सांगून द्या ना," जमुनाबाई म्हणाल्या.

"तू चूप बस. म्हशीनं पाय देला म्हनून सांगजो."

"म्हैस तं बांधून हाय."

"मंग सोड तिले!"

जवळच्या गोरेगावला इंद्रकुमार गाड्यांचे फुटके बंपर जोडायचा. उमराव फळी धानाच्या तणसाखाली झाकून टेम्पोने त्याच्याकडे घेऊन गेले. "फायबरच हाय काका. बंपरासारखीच जोडून देतो, टेन्शन नका घेऊ," असं म्हणत त्याने भोकात केमिकल ओतलं. आतून चुरचुर आवाज आला. भोक बघता बघता मोठं होऊ लागलं.

"अबे, हे काऊन खाऊन राह्यलं?"

"काका, अंदर थर्माकोल निकला ना! बंपरात थर्माकोल नसते." इंद्रकुमारच्या बोलण्यावरून सगळी चूक थर्माकोलची होती.

पंजाएवढ्या भोकाचा घमेल्याएवढा खड्डा झाला. दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. पण उमराव कोहळी समाजाचे होते. त्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले होते, आणि गळती कशी थांबवायची हे त्या घराण्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बोडीच्या, छोट्या तळ्याच्या, तळातली चिकणमाती आणली, पायाने मळली, खड्ड्यात थरावर थर दिले आणि प्रत्येक थर मुसळाने ठोकला. तलावाची पाळ अशीच बसवतात. वर पत्रा, पत्र्यावर डांबर, डांबरावर निळा रंग. मग बादलीभर पाणी ओतून पाहिलं. थेंबही मुरला नाही. उमरावांना बापजाद्यांची आठवण येऊन भरून आलं.

शनिवारी संध्याकाळी हिमांशु परतला. म्हशीची कहाणी ऐकून त्याचं तोंड उतरलं. मग त्याने फळीवरचा निळा चौकोन पाहिला.

"बाबूजी, हे तुमी केलं? माह्यासाठी?"

"मंग कोन करन?"

पोरगा खाली वाकून बापाच्या पाया पडला. जमुनाबाई मुकाट्याने चुलीकडे वळल्या. फळी उचलताना मात्र तो थबकला. "भारी लागून राह्यली जी."

"नव्या रंगाचं वजन असते," उमराव म्हणाले.

रविवारी साहेब आले, गावही आलं. हिमांशु जॅकेट घालून ऐटीत फळीवर उभा राहिला, त्याने वल्ह्याचा एक हात मारला आणि फळीचं पुढचं टोक सरळ तळाकडे निघालं. मागचं टोक वर उठलं, हिमांशु घसरत घसरत पाण्यात गेला. "सुरक्षिततेचं बघावं लागेल," एवढं बोलून साहेब गाडीत बसले. आता ते परत येणार नाहीत, हे काठावरच्या पोरासोरांनाही कळलं.

फळी दोरीने ओढून काढली. हिमांशुने सब्बल घालून पत्रा उचकटला. आत माती घातली होती तशीच होती. उमरावांना राहवलं नाही.

"पाह्य, एक थेंब नाही शिरला!"

हिमांशु पाहतच होता. फुटलेल्या कडेत धानाचे दोन चिरडलेले पऱ्हे अडकून बसले होते. ते त्याने चिमटीत धरून बाहेर काढले.

"म्हशीनं रोवना बी केला काय, बाबूजी?"

उमरावांना खरं सांगायचं होतं. राहून जा, असंही म्हणायचं होतं. सोमवारी ते पुण्याला निघालेल्या पोराची बॅग एसटीपर्यंत घेऊन गेले आणि एवढंच म्हणाले, "पोचल्यावर फोन करजो."

घरी येतात तोवर दारात बकाराम उभा. त्याचं वावर त्यांच्या धुऱ्याला लागून होतं. "काका, तुमच्या फळीवर पऱ्हे मस्त जातेत म्हने. उद्या रोवना हाय, देता काय?" उमरावांनी शिवी गिळली आणि फळी दिली. मग दुसरा आला, तिसरा आला. त्या साली गावातला रोवणा कधी नव्हे इतका लवकर आटोपला.

ऐन जेवणाच्या वेळी पुण्याहून फोन आला.

"बाबूजी, फळी फेकून देली काय?"

"कायले फेकू? चालून राह्यली. साऱ्या गावाची मागनी हाय."

"म्हनजे धंदा चालला," हिमांशु म्हणाला आणि हसला. ते हसणं उमरावांच्या मनाला चांगलंच लागलं. फोन बंद झाला.

"काय म्हने पोरगा?" जमुनाबाईंनी विचारलं.

"मजेत हाय."

समोरचा भात गार झाला होता. उमरावांनी ताट उचललं, गोठ्यात गेले आणि सगळं म्हशीपुढे ओतलं.

"अवो, जेवले काऊन नाही?"

"तिच्यावर खोटा आळ घेतला होता ना," उमराव म्हणाले आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिथेच उभे राहिले.