मंगळवार, शुक्रवार आणि सत्त्याण्णव अंश

बुधवारी सकाळी साडेसहाला मुग्धा टेबलापाशी आली तेव्हा लॅपटॉपचा पडदा काळा होता. त्या काळ्या पडद्यात तिला स्वतःचा विस्कटलेला चेहरा दिसला. तिने बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला आणि रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी आपण अतितापामुळे बंद पडलो होतो, असं त्याने शांतपणे कळवलं.

मुग्धा अजून बांधायच्या असलेल्या इमारतींच्या चित्रफिती करत असे. उभ्या नसलेल्या इमारतीत प्रेक्षक दारातून आत शिरतो, स्वयंपाकघर बघतो, बाल्कनीत उभा राहतो, आणि तिथे प्रत्यक्षात नसलेला तलाव त्याला दिसतो. अशा फितीचं एकेक चित्र तयार करायला लॅपटॉपला वीस सेकंद लागत आणि रात्रभरात चौदाशे चित्रं होत. दिवसा त्याच लॅपटॉपवर बाकीची कामं असायची. म्हणजे एक रात्र गेली की एक दिवस मागे.

लॅपटॉप मुळात ध्रुवचा. चार वर्षांपूर्वी त्याने तो गेम खेळायला घेतला, सहा दिवस खेळला आणि सातव्या दिवशी त्याला बढती मिळाली. तेव्हापासून लाल दिव्यांच्या कीबोर्डचं ते पाच पौंडी धूड मुग्धाकडे आलं होतं.

"किती वाजता गेला?" ध्रुवने चटणीत इडली बुडवत विचारलं.

"दहा चाळीसला."

"तापमान?"

"सत्त्याण्णव."

ध्रुवचे डोळे चमकले. अकरा माणसांचा सॉफ्टवेअरचा गट सांभाळायला लागल्यापासून घरात काहीही बिघडलं की त्याला उत्साह येत असे. त्याने इडली संपायच्या आत एक तक्ता उघडला, त्याला तक्रारीचा तिकीट क्रमांक दिला आणि दर पाच मिनिटांनी तापमान टिपणारा एक प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसवला.

"आपल्याला मूळ कारण शोधायचंय," तो म्हणाला. "आणि नियम एकच. एका वेळी एकच बदल."

"बदल नंतर. आधी अजून दोन इडल्या घे," त्याची आई वासंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या थंडीपुरत्या डोंबिवलीहून मल्लेश्वरमच्या या घरी आल्या होत्या, आणि कालपर्यंत अगदी खट्टू होत्या. डोंबिवलीत दुपारी वाटलेलं पीठ रात्री भांड्याबाहेर येई. इथल्या डिसेंबरात ते सकाळपर्यंत जसंच्या तसं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अहल्याक्का एकदा भांड्यात डोकावून म्हणाल्या होत्या, "मुंबईचं पीठ की. इथं येऊन झोपलं बघा." ते वाक्य वासंतीबाईंनी मनावर घेतलं होतं. आज मात्र इडल्या कापसासारख्या झाल्या होत्या, आणि त्याचं श्रेय त्या उडदाच्या डाळीला देत होत्या.

पहिला बदल म्हणजे धूळ. ध्रुवने बुधवारी संध्याकाळी अकरा स्क्रू काढले, आतला पंखा ब्रशने साफ केला आणि दहा स्क्रू परत बसवले. त्या रात्री लॅपटॉप अठ्ठ्याहत्तर अंशांवर गुण्यागोविंदाने चालला. गुरुवारीही.

"धूळच होती," ध्रुव म्हणाला आणि तिकीट बंद केलं.

शनिवारी सकाळी पडदा पुन्हा काळा. इडल्या मात्र अप्रतिम.

दुसरा बदल म्हणजे पेस्ट. चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये एक राखाडी मलम असतं, ते चार वर्षांत सुकतं, असं ध्रुवने वाचलं होतं. त्याने जुनं खरवडून नवं लावलं. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही रात्री लॅपटॉप कसा नवऱ्यामुलासारखा शांत बसून होता. रविवारी तर ध्रुवने आपल्या गटाला या विषयावर एक छोटं टिपण पाठवलं.

बुधवारी सकाळी पडदा काळा.

तेव्हा कार्तिकचा फोन आला. कार्तिक म्हणजे मुग्धाचा साहेब. त्याचा आवाज कधीच चढत नसे, त्यामुळे जास्त भीती वाटे.

"देखो मुग्धा, ये दूसरी बार लेट हुआ," तो म्हणाला. "शनिवार सुबह दस बजे बिल्डर को फायनल फिल्म चाहिए. नहीं हुआ तो मंडे से तुम ऑफिस आ जाओ. यहाँ मशीनें खाली पड़ी हैं."

"रोज?"

"रोज."

ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत होतं. मल्लेश्वरमहून दोन मेट्रो आणि एक बस, एका बाजूला पावणेदोन तास. मुग्धाने ते तीन वर्षं केलं होतं. त्या तीन वर्षांत तिने आपलं घर दिवसाउजेडी फक्त रविवारी पाहिलं होतं, आणि बाल्कनीतली तुळस दोनदा वाळली होती. तिने फोन ठेवला. रडायला हवं होतं, पण त्यासाठीही थोडा उत्साह लागतो.

"आता डॉक्टरकडे न्यायचा," तिने ध्रुवला सांगितलं. "तू उघडायचा नाहीस."

ध्रुवने अर्धी रजा टाकली. दोघं मेट्रोने चिकपेटला उतरली आणि साड्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत एका बोळातल्या दुकानात पोचली. दुकान वादिराजचं. तीनशे वर्षांपूर्वी आपलं मराठी घराणं इकडे आलं, असं तो पहिल्या मिनिटाला सांगे आणि दुसऱ्या मिनिटाला लॅपटॉप उघडे.

"एक स्क्रू कमी आहे की," तो म्हणाला.

"तो ऐच्छिक आहे," ध्रुव म्हणाला.

वादिराजने भिंगातून मागची जाळी पाहिली. नखाने काहीतरी खरवडलं. पांढरा, वाळलेला पापुद्रा होता. "हे काय, सर? पेस्ट बाहेरून पण लावली?"

"थोडी जास्त झाली असेल."

वादिराजने नख नाकाशी नेलं. "पेस्टला असा वास नसतो, सर. आंबूस आहे."

"इंपोर्टेड पेस्ट आहे," ध्रुव म्हणाला. मुग्धा स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी घेत होती, म्हणून हे संभाषण तिच्या अर्धवट कानांवरच पडलं.

वादिराजने लॅपटॉप ठेवून घेतला. गुरुवारी दुपारी त्याने तो परत दिला. "रात्रभर पळवला, अक्का. एकोणऐंशीच्या वर गेला नाही. मशीन सरी आहे, एकदम ठीक. आमच्याकडे बरं असतं आणि तुमच्या घरी आजारी पडतं, म्हणजे घराचं काहीतरी बघा."

"व्होल्टेज," ध्रुव लगेच म्हणाला.

"बघा," वादिराज म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर व्होल्टेज नव्हतं.

गुरुवारची रात्र ठीक गेली. आता शेवटचा भाग उरला होता. आठवा मजला, बाल्कनी, तलाव. एक रात्र, शुक्रवारची. सकाळी दहाला फिल्म द्यायची.

शुक्रवारी संध्याकाळी ध्रुव अजून ऑफिसात होता. येताना तो सहा पंख्यांचं एक स्टँड आणणार होता. मुग्धाने तोवर त्याचा तक्ता उघडला. तो तिने आजवर एकदाही नीट पाहिला नव्हता, कारण त्यात नऊ रंग होते. आता तिने रंग सोडून फक्त आकडे वाचले. पहिल्या आठवड्यात शुक्रवारी रात्री दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत तापमान अठ्ठ्याहत्तर. दहा दहाला ब्याऐंशी. मग नव्वद. दहा चाळीसला सत्त्याण्णव, आणि बंद. पुढच्या मंगळवारी चढ सुरू झाला तोही दहा दहालाच. त्याआधीचा मंगळवार प्रोग्रॅम बसवायच्या आधीचा होता, पण तेव्हाही दहा चाळीसला बंद.

मंगळवार, शुक्रवार, दहा दहा.

टीव्हीवरची मालिका दहाला संपते. त्यानंतर वासंतीबाई दिवे मालवतात. आणि बुधवारी, शनिवारी सकाळी...

स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज येत होता. मुग्धा उठून दारात उभी राहिली. वासंतीबाई वाटलेलं पीठ हाताने फेटत होत्या.

"आई," मुग्धा म्हणाली, "हे पीठ रात्री कुठे ठेवता?"

वासंतीबाईंचा हात थांबला. "का ग?"

"सहज."

"बाहेर ठेवते."

"बाहेर म्हणजे?"

"अगं, त्या तुझ्या शेगडीच्या मागे," वासंतीबाई म्हणाल्या. "काय सुंदर ऊब येते तिथून! एवढी ऊब भिंतीला देऊन काय उपयोग? मी भांडं अगदी चिकटवून ठेवते आणि दोघांवरून शाल घालते."

"दोघांवरून?"

"थंडी आहे ना. आणि सकाळी पाचला काढून घेते, कोणाला अडचण नको. तेव्हा तो आपला बंदच असतो. मला वाटायचं, काम झालं की झोपत असेल."

मुग्धा भिंतीला टेकली. ओरडायचं तिच्या मनात होतं, पण दोन आठवड्यांच्या दगदगीने शिल्लक काही राहिलं नव्हतं.

"आई, तो तिथून श्वास सोडतो. तुम्ही त्याच्या नाकाला भांडं लावता."

वासंतीबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे ते बंद पडायचं, ते माझ्यामुळे? आणि तुझं ते रोज ऑफिसला जायचं, ते पण?" त्यांनी पिठाने भरलेला हात तसाच कपाळाला लावला. "मग नाही ठेवत. आजपासून नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "फक्त उद्या अहल्याक्का जेवायला येतायत. त्यांच्या बहिणीलापण आणणारेत. त्यांनी मुद्दाम विचारलं, इडलीच ना, म्हणून."

त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते सिंकजवळच्या गार ओट्यावर नेऊन ठेवलं. त्यांची पाठ इतकी वाकलेली मुग्धाने पूर्वी पाहिली नव्हती.

"थांबा," मुग्धा म्हणाली.

तिने टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. लॅपटॉपच्या मागे बरोबर एक हात जागा सोडून स्टूल ठेवलं आणि त्यावर भांडं. शाल फक्त भांड्याला. मग काम सुरू करून दोघी खुर्च्या ओढून समोर बसल्या, आयसीयूबाहेर बसावं तशा. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. ऐंशी. एक्क्याऐंशी. तिथे आकडा थांबला.

वासंतीबाईंनी भांड्याला हात लावला. "कोमट आहे," त्या हळूच म्हणाल्या.

साडेनऊला ध्रुव सहा पंख्यांचं स्टँड घेऊन आला. वासंतीबाईंनी चपळाईने एक चादर अशी वाळत टाकली की स्टूल दिसू नये. ध्रुवने लॅपटॉप अलगद उचलून स्टँडवर ठेवला. निळे दिवे लागले आणि घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येऊ लागला. एक्क्याऐंशीचे ऐंशी झाले.

"बघितलंस?" ध्रुव म्हणाला.

"बघितलं," मुग्धा म्हणाली.

शनिवारी सव्वानऊला फिल्म गेली. साडेअकराला कार्तिकचा निरोप आला. बिल्डर खूश, घरूनच काम चालू ठेव, गुरुवारपर्यंत नवं काहीही नाही, आराम कर. दुपारी अहल्याक्कांनी पहिली इडली बोटाने दाबून पाहिली. इडली दबली आणि परत वर आली. त्यांनी दुसरी दाबली. मग बहिणीकडे पाहिलं.

"काय घातलं हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. डाळ चांगली असली की झालं," वासंतीबाई म्हणाल्या, आणि मुग्धाने पाण्याचा पेला तोंडाला लावला. ध्रुवने तक्त्यात लिहिलं, 'मूळ कारण: अपुरी हवा. उपाय: सहा पंखे.' दोन्ही गोष्टी खऱ्याच्या इतक्या जवळ होत्या की मुग्धाने वाद घातला नाही.

मंगळवारी संध्याकाळी आठ वाजता, तीन वर्षांत पहिल्यांदाच, मुग्धाला करायला काही नव्हतं. तिने लॅपटॉप बंद केला, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. बेल वाजली.

दारात अहल्याक्का उभ्या होत्या. हातात झाकणाचं मोठं पातेलं, खांद्यावर घोंगडी. त्यांच्या मागून वासंतीबाई आपलं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आल्या.

"मी कोणालाच सांगितलं नाही," वासंतीबाई घाईने म्हणाल्या. "फक्त अक्कांना."

"स्वल्प सरकव की ते स्टूल," अहल्याक्का म्हणाल्या. "माझं पातेलं मोठं आहे."

"अक्का, आज काम नाहीये. लॅपटॉप बंद आहे."

दोघी आपापली भांडी धरून उभ्या राहिल्या. पातेल्याच्या कडेवरून पिठाचा एक थेंब फरशीवर पडला.

तेवढ्यात ध्रुव आतून आला. त्याने पातेलं पाहिलं, भांडं पाहिलं, स्टूल पाहिलं, घोंगडी पाहिली. मग फोन काढून तक्ता उघडला आणि बोट खाली खाली नेत मंगळवारवर थांबवलं. मग शुक्रवारवर. "आता एक हात लांब ठेवते हो," वासंतीबाई म्हणाल्या. अखेर त्याने कपाटातून मोजपट्टी आणली.

"एक हात म्हणजे कोणाचा हात?" त्याने विचारलं.

"माझा," मुग्धा म्हणाली.

त्याने तिचा हात कोपरापासून मोजला, बेचाळीस सेंटिमीटर, आणि लिहून घेतला. "आज एकच भांडं ठेवायचं. दोन ठेवली तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. एका वेळी..."

"बाजूला हो," त्याची आई आणि अहल्याक्का एकदम म्हणाल्या.

मुग्धाने पाय खाली सोडले. लॅपटॉप सुरू केला आणि शनिवारीच पूर्ण झालेली, दिलेली, कोणालाही पुन्हा नको असलेली ती फिल्म उघडली. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत सगळी निवडली आणि बटण दाबलं. दारातून आत, स्वयंपाकघर, बाल्कनी, तलाव. मागच्या जाळीतून ऊब यायला लागली, तशा दोघी बायका स्टूल घेऊन वाकल्या.

"ऐंशी," ध्रुव मोजपट्टी गुंडाळत म्हणाला.

"अजून थोडं वाढव की," अहल्याक्का म्हणाल्या.