गोकाकच्या उन्हात अंजनीचा फोटो

मनुष्य जन्माला एकदाच येतो. पण एखाद्या प्रसिद्ध स्थळासमोर उभं राहून फोटो काढून घेतल्याशिवाय तो आल्याची नोंद पक्की होत नाही. सन एकोणीसशे तीसच्या सुमारास बेळगाव भागात हा नियम मुलींच्या लग्नालाही लागू झाला होता. मुलगी गोकाकच्या धबधब्यासमोर उभी असली, की घराणं सुधारलेलं, बापाला आगगाडीचं भाडं परवडतं आणि मुलगी मोठ्या आवाजाला भीत नाही (ही सासूसाठीची पूर्वतयारी), एवढं सगळं एका झटक्यात सिद्ध होई. वडगावातल्या अशा फोटोंची पाहणी केली असती, तर दहांपैकी नऊंत धबधबा ठीक आलेला दिसला असता. दहाव्यात कुणाचा तरी पटका आडवा आला होता. मुली कशा आल्या होत्या, हा पाहणीचा विषय नव्हे.

वडगावचा विणकर परशराम याचा आपल्या एकुलत्या एक अंजनीवर फार जीव. निपाणीच्या एका कापडदुकानदाराकडून तिला विचारणा आली होती. मुलाचे चुलते भावकू फोटो पाहून काय ते सांगणार होते. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि तिसऱ्याच्या धास्तीनं परशरामला घास गोड लागेना. तेव्हा विणकराच्या हातात असतो तेवढा एकच उपाय त्यानं केला. त्यानं लुगडं विणलं. अंजिरी अंगाचं, डाळिंबी काठाचं, काठात रुईफुलं. (फोटोत रंग येत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, पण म्हणून कच्चा रंग वापरणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.)

आश्विनात मंडळी सकाळच्या गाडीनं निघाली. स्टेशनावर उतरून छकड्यानं धबधब्यापाशी पोचेपर्यंत सूर्य बरोबर टाळूवर आला. बेळगावहून सोबत आणलेल्या फोटोग्राफर यल्लाप्पानं कॅमेऱ्याची तिपाई रोवली, वर बघितलं आणि मान हलवली.

"अण्णा, ऊन लई कडक हाय. पोरीचं तोंड काळं पडंल फोटूत. जरा ऊन कलू दे."

परशरामला हा आपल्या घराण्याचा अपमान वाटला.

"कलू दे? अरं, लुगडं घेताना गिऱ्हाईक चिमणीच्या उजेडात बघतंय व्हय? भर उन्हात धरून बघतंय! खोट असली तर उन्हातच दिसती. माझ्या पोरीत खोट न्हाय. काढ तू."

यल्लाप्पानं कॅमेऱ्यावरचं काळं कापड डोक्यावर ओढून घेतलं. मग अंजनीची आई नागुबाई पुढे झाली. फोटो निपाणीच्या वडीलधाऱ्यांच्या हातात पडणार, तेव्हा पोरीच्या डोक्यावर पदर हवाच. तो तिनं कपाळाच्या खाली ओढला आणि काठ नीट दिसावा म्हणून आणखी थोडा ओढला.

"आई, डोळं उघडंनात गं माझं," अंजनी म्हणाली.

"मिटलं तर मिटू दे. खांद्यावरचा काठ तेवढा हलवू नगंस."

अंजनीनं काठ हलवला नाही. फोटो झाला. सगळ्यांनी पाण्याकडे पाठ करून भाकरी खाल्ली आणि सहल पार पडली.

पुढे भावकू स्वतः वडगावात आले. परशरामनं चहाबरोबर फोटो पुढे केला. भावकूंनी तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"मागं धोतर वाळत घातलंय काय?"

"गोकाकचा धबधबा हाय, आप्पा."

"व्हय व्हय." मग त्यांचं बोट काठावर थांबलं. "ह्यो काठ कुणी इनला?"

"मीच की."

"लई झ्याक! एकूण एक फूल दिसतंय बघा. लग्नसराईला दुकानात आमाला असलीच लुगडी पायजेत. दुसऱ्याला देऊ नगासा."

परशरामचा ऊर भरून आला. मग त्यानं भीत भीत विचारलं, "आनि पोर?"

"पोर?" भावकूंनी फोटो उलटून मागची बाजूही तपासली. "ह्यो लुगड्याचा हाय न्हवं? पोरीचा मागनं धाडा."

ते गेल्यावर परशरामनं फोटो अंगणात नेला आणि भर उन्हात धरून बघितला. पदराच्या काठाखाली एक काळा डाग होता. त्याला फार वाईट वाटलं, हे इथं स्पष्ट नमूद करणं भाग आहे. मग तो आत गेला आणि मागावर बसला, कारण लग्नसराई जवळ आली होती. सुताच्या कांड्या भरायला अंजनी बसली. तिच्या लग्नाचं बघू, असं ठरलं आहे. सध्या मागाला सवड नाही.

वाचकांनी परशरामला हसायला कुणाची हरकत नाही. फक्त ते लुगडं अंजिरी होतं, काठ डाळिंबी होता आणि त्यात रुईफुलं होती, हे तुम्हाला आता डोळे मिटूनही सांगता येईल. अंजनी दिसायला कशी होती, हे इथवर तुम्हीही विचारलं नाहीत.