दोन चुलींची आणि एका विरजणाची बखर

श्री गौरी प्रसन्न. चुलीस नमन, उंबऱ्यास नमन, आणि ज्या माउलीने प्रथम दूध विरजिले तिचे चरणी विशेष नमन. ऐकणारांनी सुपारी कातरून घ्यावी आणि मध्येच उठो नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास भाद्रपद, ते समयी एके संस्थानी जो कलह जाहला आणि मग वरसाअंती जो तह जाहला, त्याची हकीकत ऐसीजे. संस्थानाचे नाव लिहीत नाही, कारण की नाव लिहिले असता उभय पक्षांकडील चहा लेखकास बंद होईल.

संस्थान तरी लहान, परंतु नांदते. पूर्वेस गोठा, पश्चिमेस ओढा, मध्ये कौलारू घर, आणि तेथे दोघे बंधू राज्य करीत. थोरले भगवानराव, स्वभावे इतके शांत की दावणीची म्हैस सुटोन गेली तरी हातीची तंबाखू पुरती मळीत आणि मग उठत. धाकटे जालिंदरराव दुधाची गाडी हाकीत. परंतु बंधूंचे राज्य ते नावाचे. खरा कारभार मुदपाकखान्यातून चाले, आणि तेथील तख्तावर, म्हणजे चुलीपुढील पाटावर, थोरल्या हौसाबाई विराजमान असत. त्यांस पुत्र एक, तो पलटणीत. पोटी लेक नाही. मग धाकट्या सुरेखाबाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्यांस भाकरी थापिता येत नव्हती, आणि हौसाबाईंनी हात धरून शिकविली, संध्याकाळी पुढ्यात घेऊन वेणी घातली, आणि चित्ती म्हणाल्या की देवाने लेक उशिरा दिली परंतु वाढवून दिली. ऐसा उभयतांचा स्नेह होता. संस्थानाची मुख्य दौलत म्हणावी तर विरजण. कैलासवासी सासूबाईंनी, ज्यांस दोघी सुना आत्याबाई म्हणत, ते माहेराहून वाटीत आणिले होते आणि मग ते कधी तुटू दिले नाही. आजचे दही उद्याचे दुधास, ऐसे पिढीवर चालिले. त्यांचा दंडक असा की दिवेलागण जाहली म्हणजे विरजण घराबाहेर देऊ नये, लक्ष्मी त्याचे पाठीस लागून जाते. एके सांजे खुद्द सरपंचीणबाई वाटी घेऊन आल्या, त्यांसही आत्याबाईंनी चहा पाजून रिकाम्या हाती परत लाविले. आत्याबाई गेल्या, दंडक राहिला.

आता कलहाचे कारण. या घरी गौरी दोन, थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी. त्या दिवेलागणीस घरात घ्याव्या, थोरली गौर थोरल्या सुनेने आणावी आणि धाकटी धाकटीने, ऐसा प्रघात. आणि त्याच वेळी दूरदर्शन पेटीवर एक मालिका लागे, ती दोघीही जावा लसूण सोलीत मन लावून पाहात. मालिकेत ऐसे की थोरली जाऊ महाकपटी, धाकटी गरीब गाय, आणि थोरली रोज नवा डाव टाकी. त्या दिवशी थोरलीने धाकटीस भर पावसात घराबाहेर काढिले, आणि ती आता पुलावरून उडी टाकिते की काय, या पेचात सुरेखाबाई पेटीपुढे खिळोन राहिल्या. इकडे दिवे लागले, शेजारपाजारच्या बायका ताटे घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, हौसाबाईंनी दोन हाका मारिल्या, आणि मग वेळ टळतो म्हणोन दोन्ही गौरी दोन्ही हाती घेऊन आपणच आत आल्या. सुरेखाबाई पदर सावरीत धावत आल्या तो धाकटी गौर मखरात बसली होती. त्या म्हणाल्या, "माझी गौर बी तुम्हीच आणली, आक्का. मग या घरात माझं काय ऱ्हायलं?" हौसाबाईंनी तेव्हा उगी राहावयाचे होते, परंतु बायकांदेखत त्यांची जीभ घसरली, आणि त्या म्हणाल्या, "आगं, गौर काय तुझ्या मालिकेसाठी थांबून ऱ्हाईल?" बायका हसल्या. बोलणे खरे होते, म्हणोन अधिक लागले. मग सुरेखाबाई मालिकेतील धाकटीचे बोल जसेच्या तसे बोलल्या, की तुम्हांस मी या घरी नकोच होते, आणि हौसाबाईंसही ते बोल ओळखीचे वाटले, परंतु कोठे ऐकिले ते रागाचे भरात आठवेना. येणेप्रमाणे ठिणगी पडली.

मग दसरा होईतो अबोला, आणि दसऱ्यानंतर वेगळी चूल, ही मसलत ठरली. भगवानराव म्हणाले, "एका गौरीपायी चुली येगळ्या करायच्या व्हय?" परंतु त्यांचे म्हणणे पुरे होईतो विटा येऊन पडल्या होत्या. भावकीतील तात्या वाटणीस बसले आणि त्यांनी भांडी वाटिली, म्हशी एकेक दिल्या, दूरदर्शन पेटी धाकटीस दिली, कारण ती तिचे माहेरची होती. गौरींपाशी आले तेव्हा तात्या म्हणाले, "या सख्ख्या भैनी. यांची वाटणी हुत न्हाय. या थोरलीकडंच ऱ्हातील." मांजर एक होते, त्याची वाटणी कोणी केली नाही आणि ते उभय राज्यी मोकळे फिरू लागले. आणि विरजण तर कोणाचे ध्यानीच आले नाही, कारण ते फडताळात आतले बाजूस एका लहान गाडग्यात असे. माजघरात भिंत चढली ती छातीइतकी होऊन विटा सरल्या, आणि पुन्हा विटा आणाव्या इतका राग जालिंदररावांपाशी नव्हता. मग मोठी अडचण जाहली. उभे राहिले की भिंतीवरून दृष्टादृष्ट होई, म्हणोन दोघीही आपापले मुलखात वाकून वावरू लागल्या. गावात बोभाटा जाहला की त्या घरी कंबरेची साथ आली आहे.

ऐसे वरीस चालिले. हौसाबाई बाहेरून घट्ट होत्या, परंतु आतून बहुत कष्टी जाहल्या. भाकरी थापावयास बसल्या की हात सवयीने चौघांचे पीठ घेई, आणि मग त्यांतील निम्मे डब्यात परत जाई. विरजणाची आठवण त्यांस चौथे दिवशी जाहली. वाटीत काढिलेही, परंतु घेऊन जावे तर आधी बोलावे लागेल, आणि आधी कोणी बोलावे हाच तर सारा लढा, म्हणोन पुन्हा गाडग्यात ओतिले. धाकटीकडे पिशवीतील दही येऊ लागले. त्याचे विरजण लावावे तर कधी पाणी सुटे, कधी तार येई. जालिंदरराव पहाटे म्हशीचे निमित्ताने गोठ्यात येत आणि भावजयीचे हातचे तांब्याभर ताक उभ्या उभ्या पिऊन जात. हौसाबाई म्हणत, "मिशी पुसून जा, भावजी." ते पुशीत, परंतु पुरती पुशीत नसत, आणि सुरेखाबाई पाहून न पाहिलेसे करीत. संध्याकाळी मालिका लागली म्हणजे हौसाबाई भिंतीस पाठ लावून लसूण सोलीत बसत. उभे राहिले असते तर पेटी दिसती, परंतु उभे राहणे म्हणजे शरण जाणे, म्हणोन कानानेच पाहात. एके दिवशी मालिकेत थोरली जाऊ आजारी पडली आणि हळू आवाजात काही कबूल करू लागली, आणि हौसाबाईंस ऐकू येईना; त्या कान भिंतीस लावितात तो पेटीचा आवाज आपसूक वाढला. तो द्वेषाने वाढविला की मायेने, याचा हौसाबाई रात्री अंथरुणावर विचार करीत राहिल्या. त्यांस माया वाटे, आणि माया वाटते म्हणोन भय वाटे, की आपणच वेडी आशा करितो. दुसरे दिवशी त्यांनी लसूण थोडी मोठ्या आवाजाने सोलिली. लसणीस आवाज तो किती असणार, परंतु केला.

पुढील साली भाद्रपद आला आणि गौरींचा दिवस उजाडला. हौसाबाईंनी उंबऱ्यापासून मखरापर्यंत हळदीकुंकवाची पावले काढिली, एक ओळ थोरलीची, एक धाकटीची. मग दिवेलागणीस थोरली गौर घेऊन आत आल्या, मखरात बसविली, आणि धाकटी गौर तशीच दारापुढे पाटावर ठेविली, शेजारी समई लाविली, आणि स्वस्थ चुलीपाशी येऊन बसल्या. मखरात धाकटीचे जागी पाट मोकळा. बायका दाराशी एकमेकींकडे पाहू लागल्या. भगवानराव आत येऊन म्हणाले, "आगं, दुसरी?"

"ती धाकटीची हाय. धाकटी आणंल."

"आन न्हाय आली तर? गौर दारात बसल्याली सारं गाव बघंल."

"बघू द्या."

ऐसे बोलल्या खऱ्या, परंतु ध्यान सारे भिंतीकडे लागले. कारण की सुरेखा आज न आली तर धाकटी गौर पुन्हा आपणांसच आणावी लागेल, आणि एकदा चुकीने आणिली ती चूक होती, दुसऱ्यांदा आणिली तर तो निकाल होईल. मग या घरी धाकटी सून नाही ऐसे गौरीपुढे ठरेल आणि छातीइतकी भिंत आढ्यास टेकेल. निरोप धाडावा तर शब्द सुचेना. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती, पेटी मात्र आज लागली नव्हती. मांजर दुपारपासून चुलीमागे ऊन राखेत निजले होते ते आळस देऊन हौसाबाईंचे पायाशी येऊन बसले. बाहेर बायका जांभया देऊ लागल्या.

तो भिंतीवर एक वाटी येऊन टेकली. रिकामी वाटी, आणि तिचे मागे सुरेखाबाई ताठ उभ्या. वरसात प्रथमच दोघींची दृष्टादृष्ट जाहली. सुरेखाबाई म्हणाल्या, "आक्का." मग वाटी पुढे सरकविली आणि म्हणाल्या, "विरजण मिळंल का वाईच? मांजरानं आत्ताच माझं वाडगं पालथं केलं. उद्या बाबा जेवाय येणार हायती, कढी करायची हाय." हौसाबाईंचा हात आपोआप फडताळाकडे गेला, गाडग्यास लागला, आणि तेथेच थांबला. मखरापुढे दिवा जळत होता. त्या म्हणाल्या, "दिवं लागलं की, सुरेखा. आता घराभाईर विरजण देत न्हाईत. आत्याबाईंचा दंडक तुला ठावं हाय."

भगवानरावांनी डोळे मिटले. सुरेखाबाई मान हलवून वाटी भिंतीवरून मागे घेऊ लागल्या, ती विटेवर खरखरली. तो खरखराट हौसाबाईंचे काळजावरून गेला. मग त्या उठल्या, वरसाने ताठ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "घराभाईर म्हनलं मी. घरातल्या बाईला कोन न्हाय म्हनलंय? पर भिंतीवरनं द्यायची न्हाय. म्होरल्या दारानं आत ये आन तुझ्या हातानं घे." आणि थोडे थांबून, हळू आवाजात, "आन येताना मोकळी येऊ नगंस. धाकटी गौर कवाधरनं दारात ताटकळलीया. गेल्या साली माझं चुकलं. मी थांबाय पायजे हुतं."

सुरेखाबाई वाकल्या नाहीत, ताठ मानेने आपले परसदारातून निघाल्या आणि अंगणास वळसा घालून पुढील दाराशी आल्या. बायकांनी वाट दिली. त्यांनी गौर उचलिली, वाटी ठेवावी कोठे हे सुचेना म्हणोन ती गौरीसंगे उराशी धरिली, आणि हळदीकुंकवाचे पावलावर पाऊल ठेवीत आत चालल्या. आत हौसाबाईंनी ताट वाजविले आणि रीतीप्रमाणे विचारिले, "गौर काय घिऊन आली?" याचे उत्तर धन आणिले, धान्य आणिले, ऐसे द्यावयाचे असते. सुरेखाबाईंचे डोळे भरून आले होते, आणि तोंडून निघाले, "वाटी." तेव्हा साऱ्या बायका हसल्या, आणि हौसाबाई हसता हसता रडू लागल्या, आणि सुरेखाबाईही. मग गौर मोकळे पाटावर बसली, आणि हौसाबाईंनी गाडगे पुढे केले. सुरेखाबाईंनी दूध इकडेच मागविले आणि इकडेच विरजिले, म्हणजे विरजण घराबाहेर गेले नाही आणि आत्याबाईंचा दंडक मोडला नाही. दुसरे दिवशी एके चुलीवर कढी जाहली, आणि सुरेखाबाईंचे बाबा दोन वाट्या मागून जेविले.

एवंच, कलह पेटीने लाविला आणि जिभेने वाढविला, तह विरजणाने केला. भिंत अद्याप आहे. मधल्या विटा काढून तेथे दूरदर्शन पेटी बसविली आहे, ती दोन्ही अंगांनी फिरते. मालिकेतील थोरली अजून कपट करिते आणि दोघी जावा एकीने तिला शिव्या देतात. मांजराविषयी लेखकाने मागाहून शोध केला. ते दुपारपासून थोरल्यांचे चुलीमागून हलले नव्हते, आणि सुरेखाबाई भिंतीपाशी त्याचे गाऱ्हाणे सांगत होत्या तेव्हा ते हौसाबाईंचे पायाशी बसले होते. हौसाबाईंनी त्यावर हळूच पदर टाकिला होता. लेखनसीमा.