ऑल-इन आणि गाडीची चावी

"ह्यांनी आज पुन्हा फाटकाला गाडी घासली," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "आणि म्हणतात, उद्यापासून नातीला शाळेत मीच सोडणार!"

"तुम्ही बोला ना, आई."

"मी? तू बोल!"

बाबांना बोलणार कोण? माझा नवरा तर बापाकडे मीठ मागतानाही घसा खाकरतो! पण मी निर्धास्त होते. मोबाईलवर बघून मी पोकर शिकले होते, घरादारालाही शिकवलं होतं. पैशांच्या जागी शिवणाच्या डब्यातली बटणं. ऑल-इन म्हणजे जवळचं सगळं एकाच डावात लावायचं! मी ऑल-इन म्हणणार, बाबा ईर्ष्येला पेटून गाडीची चावी लावणार, चावी माझी! लेक सुखरूप, आणि कुणी कुणाला दुखवायलाही नको.

जेवणं उरकून पानं वाटली. मला तीन राजे!

"ऑल-इन!" मी मूठभर बटणं अशी सरकवली, जशी काही जहागीरच लावतेय!

"तेवढीच बटणं माझीही," बाबा मिशीत हसले. "आणि वर ही चावी!"

मासा गळाला लागला! मी चावीकडे हात नेला.

"हात मागे, सूनबाई! तू जेवढं लावलंस, तेवढंच प्रत्येकाकडून जिंकशील. चावीचा ढीग वेगळा. ती हवी तर माझ्या लेकानं स्कूटरची किल्ली लावावी. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितलाय!"

मी अर्धाच बघितला होता. दूध उतू गेलं होतं!

मी शेजारी डोकावले. नवऱ्याच्या हातात चक्क चार नव्व्या, माझ्या तीन राजांवरही भारी!

"अहो, लावा ना!"

"नको गं. पानं फारच वाईट आहेत," म्हणत त्यानं चारही नव्व्या पालथ्या घातल्या! चावी गेली परत बाबांकडे.

"आता बटणांपुरते तू आणि मी. दाखव!"

"तीन राजे!"

"पाचही बदाम! तीन राजांवर भारी!" बाबांनी पानं टेबलावर आपटली.

चार बदाम होते. पाचवं पान चौकटचं होतं.



"वा, बाबा!" नवऱ्यानं बटणं त्यांच्यापुढे लोटली.

"जिंकलात हो," एका बटणासाठी घर डोक्यावर घेणारी मी म्हणाले.

"मग! उद्या पोरीला वेळेत तयार ठेवा." बाबांनी चावी खिशात टाकली.

इतका वेळ नुसत्या बघत बसलेल्या सासूबाई उठल्या. त्यांनी बाबांचं बोट धरून पाचव्या पानावर टेकवलं.

"अहो, ही चौकट आहे. तुम्हाला आता नीट दिसत नाही. गाडी नका चालवू."