पिवळा दिवा आणि मागच्या सीटवरची बोटुकली

चंद्रपूर मागे पडलं, मूलच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जंगल दाटलं आणि नेमका तेव्हाच आदेशच्या गाडीत, डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मधोमध, एक पिवळा दिवा लागला. एवढासाच. त्यावर कुठल्यातरी नळाची तोटी फुगल्यासारखं चित्र होतं.

"हे का आहे बाप्पा?" मागच्या सीटवरून गोकुळाबाईंनी मान पुढे घातली.

"इंजिन आहे, आई."

"इंजिन तं पुढं असते. इथी कायले आलं?"

आदेशनं दिव्यावर बोट आपटून पाहिलं. गाडी जुनी घेतलेली असली तरी त्याच्यासाठी नवीकोरी होती आणि तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्याला तोंडपाठ होता. हा दिवा मात्र त्यानं कधी पाहिला नव्हता. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, मयुरीनं, मांडीवरच्या लहानग्या रिंकूला सावरलं आणि मागे वळून पाहिलं. मागे सासूबाई अंग चोरून बसल्या होत्या, कारण उरलेली सीट आणि डिकी पाहुण्यांनी भरलेली होती. पाणी आणि ऑक्सिजन भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या, त्यांत रोहू आणि कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढाली पिल्लं. भद्रावतीकडून आणलेली, ओल्या पोत्यांत गुंडाळलेली.

गावातल्या बायकांच्या मच्छिमार गटाचा तलाव या मत्स्यबीजावर अवलंबून होता. मागच्या वर्षी बीज टेम्पोतून आणलं आणि उन्हानं अर्धंअधिक वाटेतच मरून उलटं झालं. तेव्हा कमळाबाई चारचौघींत म्हणाली, "गोकुळाच्या हाताले यश नाई," आणि अर्ध्या बायका घेऊन गटातून बाहेर पडली. म्हणून यंदा एसीची गाडी. हेही बीज मेलं, तर उरलेल्या बायकाही जाणार आणि तलाव दुसऱ्या कोणाकडे जाणार, हे गोकुळाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. भद्रावतीपासून त्या पिशव्यांवर हात ठेवून बसल्या होत्या.

"इंजिनवर लोड येऊन राह्यला असन," आदेश म्हणाला आणि त्यानं एसी बंद केला.

"एसी काऊन बंद केला? लेकरं शिजतीन ना."

"इंजिनच गेलं तं लेकरं कायच्यात नेशीन?"

दिवा गेला नाही. आदेशनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. समोर वनखात्याची पाटी होती. या भागात वाघाचा वावर आहे, वाहन थांबवू नये, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. बरोबर त्या पाटीखाली त्यानं गाडी थांबवली होती.

बोनेट उघडून तो बराच वेळ आत पाहत राहिला. आत सगळं जिथल्या तिथं दिसत होतं, निदान कुठलाही भाग आपण होऊन पुढे येऊन चूक कबूल करत नव्हता. गोकुळाबाईंनी आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली, म्हणजे पिशव्यांना हवा लागेल. पिशव्यांची तोंडं रबरानं गच्च बांधलेली आहेत, त्यांना बाहेरची हवा लागत नाही, हे मयुरीच्या ओठांवर आलं होतं. पण सासूबाईंचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

आदेशनं आधी गावाच्या ग्रुपवर लिहिलं, 'जंगलात अडकलो. गाडी बंद. बीज धोक्यात.' रेंज नव्हती. संदेश घड्याळाचं चित्र दाखवत बसला. मग जरा उंचवट्यावर जाऊन, हात उंच करून त्यानं चंद्रपूरला अमरला फोन लावला. अमर म्हणजे मयुरीचा भाऊ. त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि गाड्यांचे व्हिडिओ पाहून पाहून त्याला वाटत होतं की मोबाइल काय आणि गाडी काय, बंद करून चालू केलं की काम झालं.

"भाऊजी, टेन्शन नका घेऊ. बॅटरीची एक वायर काढा, जरा थांबा अन् परत लावा. दिवा मरते. पण पहिले चाबी काढून ठेवजा, नाई तं शॉट बसन."

"चाबी काढून कुठी ठेवू?"

"ठेवा ना कुठीही."

आदेशनं चावी आपल्या सीटवर ठेवली. वायर काढायची म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं आणि दारं लावून घेतली, कारण दार उघडं पाहून रस्त्यापलीकडचं एक माकड पिशव्यांचा अंदाज घ्यायला लागलं होतं. वायर काढली. थांबला. परत लावली.

खट.

चारी दारांची कुलपं आपोआप लागली.

काचेतून सीटवरची चावी स्वच्छ दिसत होती.

"आता?" मयुरीनं विचारलं.

"आता का," आदेश म्हणाला. "काच फोडा लागन."

"काच कायले फोडतं?" गोकुळाबाई पुढे आल्या. "फट हाये ना."

ती फट मागच्या दाराची. चावी पुढच्या सीटवर. मधे पिशव्या. गोकुळाबाईंनी झुडपाची एक लांब फांदी मोडून घेतली, कमरेच्या बटव्यातून गळ काढला आणि दोरीनं फांदीच्या टोकाला बांधला. जन्मभर तलावाच्या काठी बसलेल्या बाईचा गळ बटव्यात नसेल, तर कुठं असेल.

"आई, पिशवीले लागला तं फुटन."

"तू गप. मासोळी भेवते."

फांदी फटीतून आत गेली. गळ पहिल्या पिशवीवरून सरकला. आतली पिल्लं एकदम वळली. मयुरीनं रिंकूचे डोळे झाकले, का ते तिचं तिलाही कळलं नाही. दुसऱ्या पिशवीशी गळ घासला आणि प्लास्टिक करकरलं. आदेश पाटीला टेकून उभा राहिला. गोकुळाबाई मात्र तलावाच्या काठी बसल्यासारख्या निवांत होत्या. त्यांनी गळ पुढे टाकला, मागे घेतला, पुन्हा टाकला. चावीच्या कडीत तो अडकला, तेव्हा त्यांनी ओढलं नाही. जरा ढील दिली, मग हळूच वर उचलली.

"अशी काढतेत," त्या म्हणाल्या आणि चावी लेकाच्या हातावर ठेवली.

गाडी लगेच चालू झाली. पिवळा दिवाही लगेच लागला, पहिल्यासारखाच, जागच्या जागी.

आता मात्र आदेशचा धीर सुटला. "परत चंद्रपूरले जाऊ. गॅरेजवाल्याले दाखवू. त्याच्याशिवाय पुढं नाई."

"तोपर्यंत बीज?" गोकुळाबाईंनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. गळ टाकताना निवांत असलेला हात आता ओलं पोतं पुन्हा पुन्हा चाचपत होता. मयुरीला तो हात ओळखीचा वाटला. रिंकूच्या पहिल्या तापात तिचा स्वतःचा हात असाच लेकीच्या कपाळावर पुन्हा पुन्हा जात होता.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "रिंकूले ताप आला का आपण पहिले का पाह्यतो? दूध पेते का, खेळते का. लगेच दवाखान्यात नाई पळत. मी विचारतो, तुम्ही सांगा. दिवा चमकून राह्यला का नुसता लागून आहे?"

"नुसता लागून आहे."

"ड्रायव्हिंग क्लासात सर सांगत होते, चमकला का थांबाचं, नुसता लागला का हळू जाचं अन् लवकर दाखवाचं. गाडी धक्के देते?"

"नाई."

"गरमीचा काटा?"

"मधातच आहे."

"धूर? जळका वास?"

आदेशनं नाक ओढलं. "मासोळीचा वास येते."

"थो आपलाच आहे. म्हणजे बाळ खेळून राह्यलं. चाला हळूहळू. अन् एसी लावा."

आदेशनं आईकडे पाहिलं. आईनं सुनेकडे पाहिलं. "चाल ना मंग," गोकुळाबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई सांगून राह्यली."

एसीची पहिली गार झुळूक आली, तशी गोकुळाबाईंनी आपली काच स्वतःच वर केली. वाटेत त्या पिल्लांशी बोलत राहिल्या. आलंच बाई, आलंच, आता एकच नाला. रिंकू त्या आवाजावर झोपून गेली.

गाव आलं आणि आदेशनं ब्रेक दाबला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माणसंच माणसं होती. कोणी ट्रॅक्टर काढून उभं, कोणी दोर घेऊन, बायका घमेली घेऊन. त्याचा संदेश वाटेत रेंज आल्याबरोबर त्यांच्याआधीच गावात पोचला होता आणि सारं गाव गाडी ओढून आणायला निघण्याच्या बेतात होतं. पुढे कमळाबाई. तिच्या बाजूला गट सोडून गेलेल्या साऱ्या जणी.

"मेले का सारे?" कमळाबाईनं विचारलं.

"पाह्य ना तूच," गोकुळाबाई म्हणाल्या आणि एक पिशवी तिच्या हातात दिली. हात मोकळे असलेल्या प्रत्येकीच्या हातात पिशवी गेली, गटात कोण आहे न् कोण नाही हे विचारायला कोणाला सवड नव्हती. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, पिल्लांना तलावाच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. बायका गुडघाभर पाण्यात, पिशव्यांना हात लावून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात अमर चंद्रपूरहून मोटरसायकलवरून आला. बॅटरीच्या सल्ल्याचं काय झालं ते मयुरीनं वाटेतूनच फोनवर सांगितलं होतं, त्यामुळं त्याचं तोंड उतरलेलं होतं. मित्राकडून मागून आणलेलं एक काडेपेटीएवढं यंत्र त्यानं स्टिअरिंगखाली खोचलं आणि मोबाइलमध्ये वाचलं. "पेट्रोलची वाफ कुठूनतरी बाहेर जाऊन राह्यली म्हणते. इंजिन एकदम ठीक."

"वाफ म्हणजे झाकण पाहा पहिले," मयुरी म्हणाली. दुधाच्या बाटल्या दिवसभर बंद करणाऱ्या बाईला दुसरं सुचणार तरी काय.

आदेशनं पेट्रोलचं झाकण उघडलं. त्याच्या आट्यांवर हळदीत भिजवलेला जाड धागा चांगले चार वेढे देऊन बांधलेला होता. झाकण बसलं तरी घट्ट लागत नव्हतं.

सगळ्यांनी पाण्यात उभ्या गोकुळाबाईंकडे पाहिलं.

"नव्या जाळ्याच्या तोंडाले धागा बांधतो का नाई आपण?" त्या म्हणाल्या. "मंग गाडीचं तोंड कुठी? जिथून खाते तिथी."

कमळाबाई फस्सकन हसली. एवढ्या महिन्यांत गोकुळाबाईंसमोर ती पहिल्यांदाच हसली होती. "तुह्या हाताले यश हाये व गोकुळा. घट्ट गाठ मारतं, बाई."

धागा निघाला, झाकण करकचून लागलं. दिवा तरीही जाईना. अमर म्हणाला, आणखी काही फेऱ्या गाडी फिरली की आपोआप जाईल, नाहीतर यंत्रानं आताच पुसून देतो. "नको," मयुरी म्हणाली. "त्याचा त्याले जाऊ दे. म्हणजे बरं झालं का नाई ते कळन."

पाण्यात बायकांनी पिशव्यांची तोंडं सोडली. पिल्लं क्षणभर तिथंच घोटाळली आणि मग चंदेरी रेघा ओढत खोल निघून गेली. एकही उलटं झालं नाही. गोकुळाबाई पदरानं तोंड पुसत राहिल्या.

हळूहळू लोक पांगले. ट्रॅक्टर परतला. कमळाबाई मात्र ओलं लुगडं पिळत पाळीवर बसली.

"बगळे येतीन सकाळी," ती तलावाकडे पाहत म्हणाली. "राखणीची पाळी कोणाची?"

"आमच्यातल्या बायका कमी आहेत," गोकुळाबाई म्हणाल्या. "अजून ठरवलीच नाई."

"मंग ठरव ना." कमळाबाईनं पाय लांब केले. "उद्या मी बसतो. परवा तू बस. अन् येताना धागा आणू नको."